पाहुण्याचा उपवास

माझ्या पोटात कोट्यवधी परके प्रवासी राहतात आणि त्या सगळ्यांचं मिळून वजन फक्त दोनशे ग्रॅम भरतं, हे मला साठाव्या वर्षी कळलं. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते मी, मिरज–जत गाडीवर. पन्नास सीटच्या गाडीत शंभर माणसं कोंबलीत या हातांनी. पण हे ऐकून मीसुद्धा तोंडाचा आ वासला.

"त्यातले तिकीट काढलेले किती?" मी ऋचाला विचारलं.

"सगळेच काढतात, काकू. राहायच्या बदल्यात काम करतात."

ऋचा नाबर म्हणजे आमच्या वरच्या खोलीतली भाडेकरू. मूळची सावंतवाडीकडची. डॉक्टर, पण सुई टोचणारी नव्हे, संशोधन करणारी. मिरजेत आतड्यांवर काम करणारी एक नवी संस्था निघाली होती, तिथं ती होती. पोरगी भलती हुशार, पण दुसऱ्यांच्या आतड्यांची काळजी करता करता स्वतःच्या पोटात नुसती बिस्किटं ढकलायची. मला ते बघवेना. म्हणून रात्रीचं ताट मी तिला खालीच वाढायला लागले.

त्या दिवशी तिनं माझ्याच भाकरीवर मला शास्त्र शिकवलं. म्हणाली, "दोन बायकांनी एकाच परातीतली, एकाच मापाची भाकरी खाल्ली, तरी दोघींच्या अंगाला ती सारखी लागत नाही. भाकरीतला कोंडा, भाजीतले दोरे, डाळींची सालं आपल्याला पचत नाहीत. ती तशीच मोठ्या आतड्यात उतरतात. तिथले जंतू ती खातात आणि खाऊन एक प्रकारची आम्लं तयार करतात. त्या आम्लांमुळं आतड्याच्या भिंतीला कळतं की आता भरलं, आणि ती मेंदूला तसा निरोप धाडते. ज्यांच्या पोटात असे जंतू कमी, त्यांच्या मेंदूला निरोपच पोचत नाही. मग हात आपला ताटाकडं जातच राहतो. आणि दुसरे काही जंतू असतात, ते अन्नातून शेवटचा कणसुद्धा पिळून काढतात आणि आपल्या पदरात घालतात. तो मग चरबी होऊन बसतो."

"म्हणजे मी जाड आहे त्यात माझा दोष नाही?"

"सगळा नाही," ती म्हणाली. संशोधन करणारी माणसं पुरतं समाधान कधी देत नाहीत बघा.

पण माझं वजन हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. आमचे हे, विलासराव, त्याच मिरज–जत गाडीवर ड्रायव्हर. गाडीतच जमलं आमचं. रिटायर झाले आणि दोन वर्षांत ह्यांच्या दोन्ही किडन्या बसल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. कृत्रिम किडनी येणार, येणार म्हणून दहा वर्षं ऐकतोय, आमच्या गल्लीतला रस्ता जसा येतोय तशी. मुलीचा रक्तगट जुळला नाही. माझा जुळला, तपासण्या जुळल्या, साखर नाही, बीपी नाही. सगळं झाल्यावर सर्जन म्हणाले, "बाई, एकोणनव्वद किलोला मी तुमचं पोट उघडणार नाही. तुमच्या उंचीला सत्त्याहत्तरच्या आत या. तेही दिवाळीपर्यंत. त्यानंतर ह्यांच्या हृदयाला एवढं मोठं ऑपरेशन झेपेल असं मला वाटत नाही."

बारा किलो. माझ्या आणि ह्यांच्या जिवाच्या मध्ये माझीच बारा किलो चरबी उभी होती. वजन उतरवायची ती आठवड्याची इंजेक्शनं घेऊन बघितली, तीन आठवडे उलट्यांनी आडवी पडले. चालायला लागले तर गुडघे कुरकुरले. शेवटी देवाला साकडं घातलं. गुरुवार, संकष्टी, एकादशी आधीपासून होतीच, त्यात ह्यांना बरं वाटेपर्यंत म्हणून सोमवारही धरले. म्हटलं, पुण्यही पडेल पदरात आणि वजनही उतरेल.

आणि ह्यांचं काय, तर भलतंच. "मला नको तुझी किडनी," हे सर्जनसमोरच म्हणाले. "जन्मभर हिच्या घंटीवर गाडी चालवली, आता हिच्या किडनीवर जीव चालवू होय?" सर्जन हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण संमतीच्या कागदावर ह्यांनी खरंच सही केली नाही.

---

ऋचाच्या संस्थेनं एक जंतू शोधला होता. त्याचं शास्त्रातलं नाव इतकं लांब की ते सांगेपर्यंत मिरजेहून सांगली येईल. ज्यांच्या घराण्यात कुणीच जाड होत नाही अशा माणसांच्या पोटात तो सापडला होता. पोट भरल्याचा निरोप पाठवण्यात तो पटाईत. त्याची कॅप्सूल बनवून बाहेरून पोटात सोडली, तो तिथं रुजला, तर वजन उतरेल असा सगळा हिशेब. देशभरात तीनशे बायकांवर चाचणी व्हायची होती आणि मिरजेच्या वाट्याला चोवीस जणी आल्या होत्या.

"चोवीस?" मी म्हटलं. "आमचं भजनी मंडळच चोवीस जणींचं आहे. सगळ्या मिळून दोन टन भरतील. कधी घेऊन येऊ?"

अशा आम्ही चोवीसजणी भरती झालो. संक्रांत झाल्यावर सुरुवात. प्रत्येकीला नंबर घातलेली डबी, रोज रात्री एक कॅप्सूल. फोनमध्ये एक डायरी, दिवसभरात खाल्लेलं सगळं तिच्यात लिहायचं. आणि संडासाच्या भांड्याला बसवायचं साबणाच्या वडीएवढं एक यंत्र. पोटातले कोणते जंतू वाढले, कोणते घटले, ते यंत्र रोज सकाळी आपलं आपण टिपून घ्यायचं. आपलं बरंवाईट बसल्या बसल्या लिहून घेणारा, म्हणून मी त्याचं नाव चित्रगुप्त ठेवलं. आणि त्या जंतूला मंडळात सगळ्या पाहुणा म्हणायला लागल्या.

"एक लक्षात ठेवा," ऋचानं बजावलं होतं. "निम्म्या डब्यांत खऱ्या कॅप्सूल आहेत, निम्म्यांत नुसता भुसा. कुणाची कुठली, हे मलाही माहीत नाही. ती यादी आणि चित्रगुप्ताच्या नोंदी, दोन्ही कुलपात. सहा महिन्यांनी उघडायच्या. तोवर अदलाबदल करायची नाही, कुणाला द्यायची नाही, घ्यायची नाही. तरच कळेल की वजन औषधानं उतरलं की मनानं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय लागतंय?

दोन महिन्यांनी वजनं झाली. काहीजणींचं दोन-अडीच किलो उतरलं होतं. शुभांगी मगदूम, माझ्या शेजारच्या घरातली, पेटी वाजवते, तिचं चक्क पाच. आणि माझं? एकोणनव्वदचं साडेअठ्ठ्याऐंशी. तेही त्या दिवशी चष्मा घरी विसरले होते म्हणून असेल.

शनिवारी भजन झाल्यावर शुभांगीनं तिची डबी माझ्यापुढं ठेवली. "छाया, माझ्याकडं खऱ्या आहेत, हे आता आंधळ्यालाही दिसतंय. तुझ्याकडं भुसा आलाय. तू ही घे. मी काय, पाच किलोनं काही लग्नाला उभी राहणार नाहीये. तुला भाऊजींसाठी हवंय."

पण बत्तीस वर्षं ज्या बाईनं गाडीत मामलेदाराच्या बायकोलासुद्धा फुकट सीट दिली नाही, ती अशी एकटीनं डबी कशी घेणार? मी म्हटलं, "तुझं घेऊन तुला भुसा देऊ? ते जमायचं नाही. घ्यायचं तर सगळ्यांनी सारखं."

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "मग प्रसादासारखं करू या की."

झालं! प्रसाद म्हटल्यावर कुणाला शंका उरते? चोवीस डब्या एका मोठ्या स्टीलच्या डब्यात रिकाम्या झाल्या. शुभांगीनं पळीनं ढवळल्या, पुन्हा मोजून सगळ्यांना सारख्या वाटल्या. निम्म्या खऱ्या तर निम्म्या खऱ्या, पण प्रत्येकीच्या वाट्याला. आम्हाला कोण आनंद झाला! सरकारलासुद्धा इतकी न्यायाची वाटणी जमली नसती.

ऋचाला कुणी सांगितलं नाही. तिला कशाला उगाच त्रास?

---

एप्रिल संपत आला. माझं वजन अठ्ठ्याऐंशी. सोमवार अठरा झाले होते. ह्यांच्या पायावर सूज चढायला लागली होती, आणि मी रोज रात्री ती प्रसादाची कॅप्सूल देवाचं नाव घेऊन गिळत होते.

एका संध्याकाळी ऋचा जेवायला आली आणि ताटाकडं बघत नुसती बसली. आवडीची सोलकढी केली होती, तीसुद्धा तोंडाला लावेना.

"काय झालं गं?"

"समितीनं मध्येच एक नजर टाकली, काकू. नावं नाहीत, फक्त दोन ढीग. खऱ्या कॅप्सूलवाल्या आणि भुशावाल्या. बाकी गावांत थोडा फरक दिसतोय, पण मिरजेत दोन्ही ढीग अगदी सारखे. समिती म्हणते, औषधात दम नाही. ठरलेत म्हणून सहा महिने पुरे होऊ द्यायचे, मग बंद." तिनं डोळे पुसले. "पाच वर्षं केलं मी हे. चुकलं असेल तर चुकलं, त्याचं काही नाही. पण कुठं चुकलं तेच कळत नाहीये."

मला माहीत होतं कुठं चुकलं ते. स्टीलच्या डब्यात.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. खरं सांगते, मनात आधी लबाडीच आली. गप्प बसले तर अजून दोन-अडीच महिने कॅप्सूल मिळतील. बोलले तर आजच बंद. दिवाळी सहा महिन्यांवर, अकरा किलो शिल्लक, आणि हातात दुसरं काहीच नाही. पोरीचं काय, तरुण आहे, दुसरा जंतू शोधेल. मला दुसरा नवरा कुठं मिळणार?

मग वाटलं, हे औषध खरंच चांगलं असलं तर? माझ्यासारखीच कुणी बाई कुठंतरी बारा किलोसाठी अडली असेल. आम्ही प्रसाद वाटला म्हणून तिच्यापर्यंत ते पोचायचंच नाही. आणि बाहेर ती पोर माझ्याच घरात, माझ्याच ताटापुढं, माझ्यामुळं रडत होती.

बाहेर आले आणि सगळं सांगून टाकलं. पळीसकट.

ऋचा इतकी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. "काकू! चोवीसजणींपैकी एकीलाही वाटलं नाही, की मला विचारावं?"

"तू नाही म्हणाली असतीस," मी म्हटलं.

ती ताट तसंच टाकून वर गेली. दोन दिवस जिन्यावर समोरासमोर आलो तरी माझ्याकडं बघितलं नाही तिनं. तिसऱ्या दिवशी कागद आला. मिरजेचा गट चाचणीतून बाद. उरलेल्या कॅप्सूल परत कराव्यात.

---

गट बाद झाला म्हणून आमच्यापुरतं कुलूप उघडलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी ऋचा कागदांचा गठ्ठा घेऊन खाली आली. शुभांगी माझ्याकडंच बसली होती.

"राग गेला का गं?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "पण हे दाखवल्याशिवाय राहवेना. शुभांगीकाकू, तुमची मूळ डबी भुशाची होती."

शुभांगीचा चेहरा बघण्यासारखा झाला. "काहीतरीच काय! मग माझे पाच किलो?"

"डायरीत तुमचं फरसाण कुठंच दिसत नाही."

"लिहायची लाज वाटायची गं. रोज 'फरसाण, फरसाण' असं काय लिहायचं? मग खाल्लंच नाही."

"आणि छायाकाकू," ऋचा माझ्याकडं वळली, "तुमची खरी होती. पहिल्या दिवसापासून."

म्हणजे मी आपल्या हातानं अस्सल सोनं डब्यात ओतलं आणि बदल्यात निम्मा भुसा खाल्ला! शुभांगीला आधी हसू फुटलं, मग मला. पोट धरून हसलो दोघी. ऋचाला मात्र हसू येत नव्हतं.

"मग माझं का नाही उतरलं?"

"तेच विचारायला आलेय." तिनं एक कागद पसरला. त्यावर एक रेघ वर-खाली नाचत होती. "हा तुमचा चित्रगुप्त. पाहुणा चांगला रुजायला लागलाय, बघा. वाढतोय, वाढतोय, आणि इथं धाडकन खड्डा. पुन्हा वाढतोय, पुन्हा खड्डा. सोमवारी खड्डा, गुरुवारी खड्डा. या दिवशी काय खाल्लंत?"

"काही नाही. उपवास."

"डायरीतही तुम्ही तेवढंच लिहिलंय. ॲपनं शून्य धरलं. दिवसभर काहीच नाही?"

"काहीच नाही. सकाळी फक्त खिचडी."

ऋचानं मान वर केली. "साबुदाण्याची?"

"मग कसली? ताटभर, दाण्याचं कूट घालून. दुपारी साबुदाण्याचीच खीर आणि थोडी बटाट्याची भाजी. चार वाजता वेफर, तेही वाटीभरच. रात्री मात्र हलकं. चार-पाच साबुदाणावडे."

"काकू, मग हे लिहिलं का नाही?"

"अगं, उपवासाचं खाल्लेलं जेवणात धरतात होय?"

"नाही धरत," शुभांगीनं ठामपणे सांगितलं.

ऋचानं दोन्ही हातांनी डोकं धरलं, आणि मग ती जी हसत सुटली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "माझी आई एकादशीला हेच खाते. मला कळायला हवं होतं. तीनशे बायकांच्या डायरीत हा रकानाच नाही!"

मग तिनं समजावलं. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ स्टार्च, कोंडा औषधालाही नाही. तो वरच्या आतड्यातच पचून रक्तात जातो. खाली मोठ्या आतड्यात पाहुण्याच्या ताटात काही पडतच नाही. जुने जंतू निबर असतात, एखादा दिवस काढतात, अगदीच भूक लागली तर आतड्याचं अस्तर कुरतडून खातात. पण हा नवा, अजून बस्तान न बसलेला. महिन्यातले अकरा दिवस तो उपाशी मरत होता.

"म्हणजे उपवास माझा नव्हताच," मी म्हटलं. "मी दोन वेळचं चापून खात होते आणि उपाशी ठेवत होते पाहुण्याला."

"मेला नाहीये पण." ऋचानं रेघेच्या टोकावर बोट ठेवलं. "अगदी थोडा शिल्लक आहे. मी तुम्हाला आणखी एकही कॅप्सूल देऊ शकत नाही, काकू. तुम्ही बाद आहात. पण तुमच्या पोटात आहे तो तुमचा. त्याला रोज जेवायला घाला. ज्वारी, बाजरी, हुलगे, मटकी, पालेभाज्या. एक दिवससुद्धा खंड नको."

"सोमवारी?"

"ते मी सांगू शकत नाही," ती हळूच म्हणाली. "मी फक्त पाहुण्याचं सांगितलं."

---

गुरुवार, एकादशी, संकष्टी मी सोडली. देवाची माफी मागितली, त्याला सांगितलं, तू समजूतदार आहेस. पण सोमवार सोडवेना. सोमवार ह्यांच्या जिवासाठी धरलेले. सोडले आणि दुसऱ्या दिवशी ह्यांना काही झालं, तर ती टोचणी घेऊन मी जगणार कशी? शास्त्र सगळं पटत होतं मला. पण भीतीला शास्त्र शिकवायला गेलं की ती कानात बोटं घालते.

दोन सोमवार गेले. आठवडाभर वजन उतरायचं, सोमवारी अडायचं. चित्रगुप्त अजून काढून नेलेला नव्हता, ऋचा रोज सकाळी तिच्या फोनमध्ये बघायची आणि मला काही बोलायची नाही.

तिसऱ्या सोमवारी मी देवळातून घरी आले तर स्वयंपाकघरातून धूर. आत जाऊन बघते तर हे! जन्मात ज्यांनी चहाचं आधण ठेवलं नाही, ते विलासराव ओट्यापाशी स्टूल घेऊन बसलेले, कपाळाला पीठ, तव्यावर भाकरी म्हणून काहीतरी. शेजारी कढईत मटकीची उसळ.

"अहो, हे काय चाललंय?"

"जेवण. तुझ्यासाठी. बस."

"आज सोमवार आहे."

"ठाऊक आहे. पहाटे मीच देवळात जाऊन आलोय. महादेवाला म्हटलं, नवस माझ्यासाठी आहे ना, मग ठेवायचा की सोडायचा ते मी ठरवतो. तो काही बोलला नाही. म्हणजे त्याला चालतंय."

"तुम्हाला कुणी सांगितलं हे सगळं?"

"त्या पोरीनं. मीच विचारलं. तू रोज पहाटे काट्यावर उभी राहून डोळे पुसतेस, मला दिसत नाही होय? आरशातून मागची गाडी बघायची सवय आहे मला."

माझा इतक्या दिवसांचा राग एकदम उफाळून आला. "मग बारीक होऊन मी करू काय? तुम्हाला माझी किडनी नकोच आहे. सही तर करत नाही. सत्त्याहत्तर किलोची होऊन नाचू का गल्लीत?"

ह्यांनी गॅस बंद केला. मग खाली मान घालून म्हणाले, "भीती वाटते गं. तुला टेबलावर घेतलं आणि तू उठलीच नाहीस, तर तुझी किडनी घेऊन मी कुणासाठी जगू?"

पस्तीस वर्षांत ह्या माणसाला मी घाटात ब्रेक निकामी झाले तेव्हासुद्धा घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मी ह्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"आणि तुम्ही उठला नाहीत तर?" मी म्हटलं. "मग मी दोन किडन्या घेऊन कुणासाठी जगू?"

ह्यांनी ताट माझ्यापुढं सरकवलं. "तू जेव. तू उपवास सोड, मी हट्ट सोडतो. सही करतो."

"आधी सही."

"आधी घास."

मी घास घेतला. भाकरी मध्ये कच्ची होती, कडेला जळालेली, आणि मिठाचा पत्ता नाही. इतकी वाईट भाकरी मी आयुष्यात खाल्ली नव्हती. तीन खाल्ल्या.

---

त्यानंतर पाहुण्यानं बस्तान बसवलं ते बसवलंच. महिन्याभरात मला कळायला लागलं. दीड भाकरी झाली की आतून कुणीतरी 'बास' म्हणायचं. आधी मला वाटलं, आजारी पडले. साठ वर्षांत पोट भरल्याचं असं कधी कळलंच नव्हतं. जूनमध्ये चौऱ्याऐंशी, ऑगस्टला एक्क्याऐंशी. श्रावणी सोमवारी मी हुलग्याची उसळ खात बसले होते आणि शुभांगी दारातून म्हणाली, "पाहुण्याचा श्रावण बरा चाललाय."

ऋचालाही त्या खड्ड्यांनी हात दिला. बाकी गावांतल्या बायकांच्या नोंदी तिनं उपवासाचे दिवस लावून बघितल्या, तर जिथं उपवास जास्त तिथं पाहुणा अशक्त. समितीनं नवी चाचणी मंजूर केली आणि तिच्या डायरीत उपवासाचा वेगळा रकाना आला. त्यातले पदार्थ आमच्या मंडळानं सांगितले. एकोणचाळीस भरले. ऋचा म्हणाली, एवढं तर मी एरवीच्या दिवशीही खात नाही.

दसऱ्यानंतर दवाखान्यात वजन झालं. शहात्तर किलो नऊशे ग्रॅम. सर्जननी काटा तपासून घेतला आणि मला पुन्हा उभं केलं. तेवढंच.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आम्हा दोघांना शेजारशेजारच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. आत जाताना हे मला म्हणाले, "उठ बरं का." मी म्हटलं, "तुम्हीही."

शुद्धीवर आले तेव्हा कूस पेटल्यासारखी दुखत होती. जीभ कोरडी पडलेली. शब्द फुटेना, तरी नर्सला विचारलं, "ह्यांचं?"

ती हसली. "तुमची किडनी लागली कामाला. टेबलावरच लघवी सुरू झाली, आजी."

नंतर कळलं, सर्जननी हेच बाहेर येऊन सांगितलं तेव्हा तेवीस बायका एकदम ओरडल्या, "झाली! लघवी झाली!" आणि शुभांगीनं सगळ्या मजल्याला पेढे वाटले. भलत्याच पेशंटचे नातेवाईकसुद्धा येऊन अभिनंदन करून गेले. ऋचा म्हणे कोपऱ्यात उभी राहून रडत होती आणि पेढाही खात होती.

दुसऱ्या दिवशी मला चाकाच्या खुर्चीतून ह्यांच्या खाटेपाशी नेलं. चेहऱ्यावरची सूज उतरली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा ह्यांचे डोळे मला नीट दिसले. ह्यांनी हळूच बोट दाखवलं. खाटेला खाली एक पिशवी टांगलेली होती आणि तिच्यात नळीतून पिवळं पाणी थेंब थेंब पडत होतं.

मला रडू आवरेना.

"रडतेस कशाला?" हे म्हणाले. "बघ तरी, तुझं काम किती चोख आहे."

मी ह्यांचा हात हातात घेतला आणि आम्ही दोघं ती पिशवी भरताना बघत बसलो.